‘एका कागदाचे १३ हजार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून लॅब्रॅडॉरचं नर पिल्लू २८ हजारांना नेलं. तुमच्या मित्राला तसंच पिल्लू ‘विदाऊट पेपर’ १५ हजारांत मिळालं. म्हणजे केसीआयच्या कागदाचे, वंशावळीच्या दाखल्याचे, आम्ही १३ हजार लावले, असा तुमचा हिशेब. शिवाय ४०व्या दिवशी न्यायला आलात तर पिल्लू दिलं नाही, कागदावर ‘ब्रुनो’ऐवजी भलतंच लांबलचक नाव आलं, आणि डॉक्टर म्हणाले की पाळायला कागद लागतच नाही. म्हणून एक स्टार.

डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ब्रुनोला शोमध्ये उतरवायचं नसेल, त्याच्यापासून पिल्लं घ्यायची नसतील, तर तो कागद तुमच्या कपाटात पडून राहणार. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढायला गेलात तरी तिथे केसीआय कुणी विचारत नाही, रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. हे दोन कागद लोक नेहमी एकमेकांत मिसळतात. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कार्यालय चेन्नईला. तिथे होते ती वंशावळीची नोंद: आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण. सातबाऱ्यावर जमीन कुणाची ते कळतं, पीक कसं येईल ते कळत नाही, तसाच हा प्रकार. कुत्रा निरोगी आहे, शांत आहे, पोरांना चावणार नाही, यातलं काहीही त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आता १३ हजारांचं. नोंदणीची फी आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती नंबराची चिप) मिळून त्यातला अगदी लहान भाग होतो. बाकीचे पैसे ब्रुनोच्या आईवर जातात. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांनुसार मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिला नराशी लावता येत नाही, लागोपाठच्या माजाला पिल्लं घेता येत नाहीत, आणि आयुष्यभरात पाचच्या वर वेतं नाहीत. मादीला वर्षातून साधारण दोनदा माज येतो. एक माज सोडायचा म्हणजे वर्षाला साधारण एकच वेत, खाऊ मात्र वर्षभर घालायचं. वर लावण्याआधी तिच्या खुब्यांचे एक्स-रे, कारण लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो आणि तो बाहेरून बघून ओळखता येत नाही. ते एक्स-रे तुम्ही आमच्या ऑफिसात उजेडासमोर धरून पाहिलेत. तुमच्या मित्राने पिल्लाची आई पाहिली का, एवढंच विचारा. ‘आई गावाकडे आहे’ असं उत्तर मिळालं असेल, तर १५ हजार कसे परवडतात हे वेगळं सांगायला नको.

४०व्या दिवसाचं म्हणाल, तर त्याच नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. पस्तीस-चाळीस दिवसांत पिल्लं देणारे आहेत, मी कशाला नाकारू? पण नियम बाजूला ठेवला तरी आम्ही दिलं नसतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी मस्ती करतात, त्यातूनच दात किती जोरात लावायचा ते शिकतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. तो धडा भावंडांकडून राहिला, तर पुढे तुमच्या मुलांच्या हातांवर गिरवला जातो.

नावाची गंमत सांगतो. नोंदणी ब्रीडर करतो, त्यामुळे कागदावर आधी केनेलचं नाव आणि मग पिल्लाचं नाव येतं. घरात ब्रुनो म्हणा, सोन्या म्हणा, त्याला काय फरक पडतो?

मग आम्ही नोंद करतोच कशाला? कारण जोडी लावताना ती आम्हाला लागते. कागदावर मागच्या तीन पिढ्या असतात. नराच्या आणि मादीच्या कागदावर तेच आजोबा दिसले की ती जोडी आम्ही सोडून देतो. कागद असला म्हणजे नात्यात लावलेलं नाही, असं मात्र मुळीच समजू नका. कागद असला की ते दिसतं, एवढंच. इंग्लंडमधला केनेल क्लब १८७३ सालचा, सगळ्यात जुना. जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवरून तिथे २००८ साली एवढा गदारोळ झाला की बीबीसीने क्रफ्ट्स हा त्या क्लबचा सगळ्यात मोठा शो दाखवणं बंद केलं. बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंद घेणं त्या क्लबने त्यानंतर थांबवलं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं कागद होते आणि नात्यातल्या जोड्याही होत्या. उलट आपल्या लातूर भागातले कारवानी कुत्रे पाहा. सशामागे पळणारा कुत्रा बघून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते जपले, तेव्हा कुणाकडे होता कागद?

ज्यांना कागद हवाच आहे त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो, कारण या धंद्यात मेलेल्या कुत्र्याचे पेपरही दुसऱ्याच्या गळ्यात बांधले जातात. पैसे देण्याआधी चिप वाचायचा स्कॅनर मागा. पिल्लाच्या दोन खांद्यांच्या मधून तो हळू फिरवला की पडद्यावर १५ आकडी नंबर येतो. कागदावरच्या नंबराशी तो एकेक आकडा ताडून बघा. विकणारा ‘स्कॅनर बिघडलाय’ म्हणाला तर डॉक्टरांकडे जाऊन बघा, तोवर पैसे देऊ नका. आणि ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’, ‘चॅम्पियन लाइन’ हे शब्द ऐकून भाव वाढवून देऊ नका. डबल बोन नावाचा लॅब्रॅडॉर कुठल्याच नोंदवहीत नाही. चॅम्पियन असेल तर वंशावळीत त्या कुत्र्याच्या नावाआधी तसं छापलेलं असतं, बोट ठेवून दाखवा म्हणावं.

ज्याला फक्त घरात सोबत हवी आहे, बाकी काही नाही, त्याला आम्ही गावठी पिल्लू न्यायला सांगतो. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. आमच्या गेटवर तुमच्यावर भुंकला तो गावठीच.

ब्रुनोची नोंद अजून आमच्या नावावर आहे. मालकी बदलाचा फॉर्म आमच्याकडून सही होऊन पडलाय, तुमची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स बाकी आहे. ब्रीडिंग करणार नसाल तरी हे करून घ्या, नाहीतर उद्या तो हरवला आणि कुणी चिप वाचली, तर नोंदीत आमचं नाव निघेल. दुपारी एक ते चार बंद असतं, सोमवारी सुट्टी. येताना ब्रुनोलाही आणा, त्याच्या लसीचा दुसरा डोस झाला नसेल तर त्याचीही आठवण करून देतो.

— केनेलचालक, सातारा