मोझेस ब्राउनचा वाल्मीकी करण्याची घाई

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या मोझेस ब्राउनविषयी फिरणारी प्रेरककथा वाल्या कोळ्याच्या वळणाची आहे. गुलामांच्या या धनाढ्य व्यापाऱ्याला पश्चात्ताप झाला, म्हणून त्याने तो धंदा सोडून आपले गुलाम मुक्त केले, व्यापारावर कायमचे पाणी सोडले आणि ब्राउन विद्यापीठ स्थापन केले, असे तीत सांगितले जाते. यातले गुलामांना मुक्त केल्याचे विधान तेवढे बिनचूक आहे.

धंदा सोडण्याचे कारण आधी पाहू. 1764 मध्ये चौघा ब्राउन बंधूंनी ‘सॅली’ हे जहाज आफ्रिकेला धाडले. कप्तान ईसेक हॉपकिन्सने तिथे 196 माणसे मिळवली आणि त्यांपैकी किमान 109 दगावली. ही सफर आतबट्ट्याची ठरल्यावर मोझेससह तिघा भावांनी या व्यापारातून अंग काढून घेतले. चौथ्या जॉनने मात्र तो चालूच ठेवला. मोझेसने स्वतःच्या गुलामांना मुक्त केले ते नोव्हेंबर 1773 मध्ये, पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांनी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाकडे ओढ लागलेली असताना. पश्चात्ताप खराच होता, परंतु ‘सॅली’ परतल्यानंतरही सुमारे आठ वर्षे तो गुलामांचा मालक होता.

विद्यापीठाचा दावा तर सरळच चुकीचा आहे. 1764 मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय ऱ्होड आयलंडमधल्याच प्रॉव्हिडन्स शहरात आणण्यात ब्राउन बंधूंचा हात होता. पण 1804 मध्ये मिळालेले नाव पाच हजार डॉलर देणाऱ्या मोझेसच्या पुतण्याचे, धाकट्या निकोलस ब्राउनचे आहे. मोझेसने जमीन दिली ती क्वेकरांच्या शाळेला, जी तिथे 1819 मध्ये सुरू झाली.

कथाकारांनी गाळलेला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1789 मध्ये मोझेसने इतरांसह प्रॉव्हिडन्समध्ये गुलामगिरीविरोधी संस्था काढली, आणि गुलामांच्या परदेशी व्यापाराला मनाई करणाऱ्या 1794 च्या संघीय कायद्याखाली 1797 मध्ये जो पहिला खटला उभा राहिला, तो त्याच्या सख्ख्या भावावर, जॉनवर. त्यात जॉनला ‘होप’ हे जहाज गमवावे लागले.

राहिले व्यापारावर पाणी सोडणे. गुलाम मुक्त केल्यानंतर मोझेस व्यवसायातून बाजूला झाला होता, हे खरे. तरी 1790 मध्ये त्याच्याच भांडवलावर सॅम्युएल स्लेटरने पॉटकेटमध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली, आणि अशा गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यत्वे गुलामांच्या श्रमावरच पिकत होता.