संगीत विकत घेण्याबाबत: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

डिजिटल संगीत विकत घ्यायला सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. महिन्याला शे-दीडशे रुपयांत लाखो गाणी ऐकता येत असताना नवख्या श्रोत्याला एकेक अल्बम विकत घ्यायला सांगणे ही दिशाभूल आहे, डाउनलोड केलेली फाइलही खऱ्या अर्थाने आपली नसतेच आणि फ्लॅकचा, म्हणजे ध्वनीतील काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलप्रकाराचा आग्रह हा कानाला न कळणाऱ्या फरकाचा आग्रह आहे, असे आपले तीन आक्षेप आहेत. ते विचारपूर्वक मांडलेले असल्यामुळे उत्तरही विस्ताराने देतो.

मालकीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्याकडेच राहतात आणि ग्राहकाला ते ऐकण्याची परवानगी मिळते, हे आपले म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु श्रोत्याच्या दृष्टीने खरी कसोटी अशी की, विक्रेत्याला न विचारता ती फाइल वाजते का? मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये जाहीर केले की, एमएसएन म्युझिक या आपल्या ऑनलाइन दुकानात विकलेल्या कुलूपबंद, म्हणजे विक्रेत्याच्या परवानगीशिवाय न वाजणाऱ्या गाण्यांना नव्या संगणकावर वाजण्याची परवानगी आता मिळणार नाही. ग्राहकांच्या विरोधामुळे मुदत वाढवली गेली, पण पैसे मोजून घेतलेले गाणे दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याचे त्या वेळी सर्वांना कळून चुकले. आपल्याकडे फ्लिपकार्टने 2012 मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान उघडले आणि 2013 मध्ये ते बंद केले. तेथील एमपी३ फाइलींना कुलूप नव्हते, त्यामुळे ज्यांनी त्या उतरवून जपून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. दुकान दोन्हीकडे बंद झाले, फरक फक्त फाइलीत होता. मासिक वर्गणीच्या सेवांचेही आयुष्य अनिश्चितच असते. रेसो आणि विंक या दोन्ही सेवा भारतात 2024 मध्ये बंद झाल्या.

वर्गणी सोडून द्यावी असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. नवे काही शोधण्यासाठी ती उत्तम सोय आहे. मात्र जे ध्वनिमुद्रण आपण पुन्हापुन्हा ऐकणार आहोत, ते विकत घ्यावे, आणि यात शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने विशेष लक्ष घालावे असे मला कळकळीने वाटते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले की एक श्रवण नोंदवले जाते. पाऊण तासाचा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी ते एकच श्रवण, आणि तीन मिनिटांचे गीत ऐकले तरी तेही एकच. शिवाय 2024 पासून ज्या ध्वनिमुद्रणाला मागील बारा महिन्यांत किमान एक हजार श्रवणे मिळालेली नाहीत, त्याला तेथे मानधनच मिळत नाही. एखाद्या तरुण गायिकेने मन लावून मांडलेला अनवट राग वर्षाला काहीशे जाणकारांनीच ऐकला, तर या हिशेबात तिच्या वाट्याला काय येणार? बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतील सुमारे 15 टक्के आणि पैसे पोहोचवण्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम कलाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे जाते. 2020 पासून ठरावीक शुक्रवारी ही कंपनी आपला वाटाही सोडते. आपण हिशेब मांडताना केवळ ग्राहकाचा खर्च धरला आहे. माझ्या लेखी कलाकाराच्या मिळकतीचा हा दुसरा रकाना तितकाच महत्त्वाचा आहे.

फ्लॅकविषयी आपण म्हणता ते अर्धे मला मान्य आहे. प्रवासात साध्या इअरफोनवर ऐकताना 320 केबीपीएसचा (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला साठवलेल्या माहितीचे माप) एमपी३ आणि फ्लॅक यांतील फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. फ्लॅक घ्यायचे ते मूळ प्रत म्हणून. त्यातून मोबाइलसाठी हवी तेवढी लहान फाइल केव्हाही काढता येते, पण एमपी३मध्ये एकदा गाळलेला तपशील परत आणता येत नाही. तासाभराचे ध्वनिमुद्रण 320च्या एमपी३मध्ये सुमारे 144 एमबी होते, तर सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे एमबी. आजच्या हार्ड डिस्कच्या किमती पाहता ही जागा फार नाही. बँडकॅम्पवर एकदा पैसे भरले की दोन्ही प्रकार उतरवता येतात, त्यामुळे निवड चुकण्याची भीतीही उरत नाही.

नवख्याची खरी अडचण बहुधा पैसे भरतानाच येते, आणि मूळ लेखात याला अधिक जागा देणे योग्य ठरले असते. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमांनुसार नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती सोय सुरू करावी, मर्यादा लहान ठेवावी आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करावी. फाइल उतरवल्यावर त्याच दिवशी तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. फाइलीतील माहितीचे रकाने पाश्चात्त्य गाण्यांच्या सोयीने आखलेले असल्यामुळे राग, ताल आणि साथीदार यांना तेथे जागा नसते. ते शीर्षकात किंवा टिपणीच्या रकान्यात स्वतः लिहून ठेवले, तर पुढे यमन शोधताना सगळे यमन एकत्र सापडतात.

जुनी मराठी भावगीते आणि नाट्यपदे बँडकॅम्पवर मिळणार नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे. पूर्वीच्या एचएमव्हीचा, म्हणजे आताच्या सारेगामाचा बराच संग्रह आयट्यून्सच्या दुकानात विकत मिळतो. तेथील फाइल 256 केबीपीएसची एएसी, म्हणजे एमपी३सारखीच तपशील गाळून लहान केलेली असते आणि तिला 2009 पासून कुलूप नाही. त्याहून चांगला दर्जा हवा असल्यास जुन्या सीडी शोधाव्यात आणि स्वतःच्या संगणकावर त्यांच्या फ्लॅक प्रती करून घ्याव्यात. आपल्या घरात सीडींचा संग्रह असेल, तर सुरुवात तेथूनच करावी, कारण तेथे नवा खर्च काहीच नाही.