नावांचा लासलगाव बाजार

‘2027 मध्ये गाजणारी 50 नावं’ ही यादी गेल्या आठवड्यात चौथ्यांदा फोनवर येऊन पडली. तीन वेळा नुसती आली होती, चौथ्यांदा ‘यातलं कुठलं खरंच चालेल, तुम्हाला काय वाटतं?’ अशा विचारणेसकट. मत मागितलंच आहे, तर असल्या याद्या पारखायची रीत एकदाची लिहून टाकलेली बरी. बारसं तोंडावर आलेल्यांनी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालावेत आणि मग वाचायला बसावं.

सगळ्यात आधी, मागच्या वर्षीची यादी उघडायची नाही. यंदाची तिच्यातच सापडते आणि उगाच मन खट्टू होतं.

मग, आकडा मागायचा नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं बाळांच्या नावांची मोजदाद दरवर्षी जाहीर करतं, पार 1880 पासूनची. वर्षभरात पाच बाळांना ठेवलेलं नावसुद्धा त्यात सापडतं. तिथे भाकीत करणाऱ्याला वर्षभरात तोंडावर पाडता येतं, म्हणून तिथले शहाणे ‘यंदा निसर्गाकडे ओढा राहील’ असलं मोघम बोलून सुटतात. आपल्याकडे जन्म नोंदला जातो, नाव नोंदलं जातं, पण कुठलं नाव किती बाळांना ठेवलं याची वर्षवार यादी कुणी छापत नाही. तेव्हा ‘महाराष्ट्रात रेयांश पहिल्या क्रमांकावर’ म्हणणाऱ्याला कोण खोटं पाडणार? त्याच्याकडे फार तर एकच आकडा असतो: कुठलं नाव किती जणांनी शोधलं. आता एक जोडपं साठ नावं शोधतं आणि ठेवतं एक. शिवाय ‘हे आयरा-बियरा म्हणजे काय गं?’ म्हणत चष्मा चढवून बघणारी आजीही त्या मोजणीत धरलेली असते.

तेवढ्यावर भागलं नाही तर स्वतःचे कान आहेतच. आमच्या नाशकात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन आयांनी ‘कियान!’ अशी हाक मारली की ट्रेंड सिद्ध. धावत आलेली पोरं चार वर्षांची आहेत, म्हणजे ही हवा चार वर्षांपूर्वीची आहे, असली वजाबाकी करत बसू नये. पहिलीचा पट बघणाऱ्यांनी तर सहा वर्षं मागे जायची मुळीच तसदी घेऊ नये. गणितही नको. एखादं नाव शंभरातल्या एका मुलाला असेल, तर ते अमेरिकेत 2017 पासून पहिला असलेल्या लियमच्या तोडीचं झालं. तरीही 30 मुलग्यांचे चार वर्ग घेतले, तर साधारण तीन वर्गांत ते एकदाही सापडत नाही. (1880 साली तिथे शंभरात आठ जॉन होते. पहिला नंबर आजही आहे, त्यात दम उरलेला नाही.) सोसायटीत दोन कियान निघाले काय नि एकही नाही निघाला काय, त्यातून काडीचं काही कळत नाही.

नटीच्या बाळाचं नाव ‘दुर्मिळ’ या मथळ्याखाली छापलं असेल तर दुर्मिळच समजावं.

पत्रिकेचं अक्षर यादीशी जुळत नसेल तर पत्रिका बदलावी. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे अक्षरं 108. चंद्र ती सगळी साधारण सत्तावीस दिवसांत फिरून येतो. यंदा ‘अ’ची चलती आहे हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्याला तो खुशाल ‘ङ’ देतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ‘ञ’. यादीत ‘अ’ची नावं एवढी का असतात, याचं कारण ग्रहांत नाही. यादी ‘अ’पासून सुरू होते आणि वाचणारा ‘क’पर्यंत पोचता पोचता दमतो.

खरं तर नाशिककरांना हे शिकवायलाच नको. लासलगावचा भाव बघून सगळ्यांनी उन्हाळ कांदा लावला की एप्रिलात बाजार समितीपुढे ट्रॅक्टरची रांग कुठवर जाते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ‘दुर्मिळ नावं’ या यादीचं अगदी तेच होतं. लावताना दुर्मिळ, काढणीला गोणीवर गोणी. कांदा निदान चाळीत ठेवता येतो.

अर्थाचा रकाना मात्र डोळे मिटून वाचावा. रेयांश: विष्णूचा अंश. दुसऱ्या यादीत, सूर्यकिरणाचा अंश. तिसरीत, नुसताच प्रकाश. त्यातला ‘अंश’ कळला, ‘रेय’ कुठून आणला? संस्कृतात किरणाला रश्मी आहे, अंशू आहे, मयूख आहे, मरीची आहे. एवढी दौलत सोडून इंग्रजीतला ‘रे’ उचलायचा, त्याला संस्कृत शेपूट लावायचं आणि खाली विष्णूची सही ठोकायची. कियानचं तसंच. इराणातल्या जुन्या राजवंशाशी जोडलेलं नाव, आपल्या यादीत येताना ‘ईश्वराची कृपा’ होऊन येतं. अहो, फारसी आहे तर फारसी म्हणा की! शहाजीराजांच्या नावातला ‘शाह’ फारसीच आहे, काय बिघडलं महाराष्ट्राचं? लाज फारसीची वाटायला नको, खोट्या अर्थाची वाटायला हवी. गावात 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे जाऊन संस्कृत कोश उघडायला दहा मिनिटं लागतात. पण नाही. पाळण्याच्या सजावटीला दोन दिवस, फुग्यांच्या कमानीला एक दिवस, आणि पोराला जन्मभर ज्याचा अर्थ सांगत फिरायचंय त्या शब्दाला रिक्षात बसल्या बसल्या अडीच मिनिटं! वर म्हणे ‘अगदी युनिक’. शिवांश, विवांश, दिव्यांश, रुद्रांश, रेयांश: एकेक मोजलं तर प्रत्येक युनिक, बाईंनी वर्गात हाक मारली तर अर्धी रांग मागे वळून बघते. हवा नावाची नसतेच हो, शेवटच्या अक्षरांची असते. तिकडे एडन, जेडन, ब्रेडन, हेडन, आपल्याकडे आजोबांच्या वेळी सुरेश, रमेश, महेश, दिनेश. फरक इतकाच, की सुरेशची फोड सुर अधिक ईश अशी होते. शनायाची करून दाखवा.

बास झालं.

नावं का बदलतात हे बघायचं असेल तर रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थपुरोहितांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याची वही निघते. त्यात दगडू आहे, धोंडू आहे, केरू आहे, भिकू आहे. आधीची मुलं दगावली म्हणून हे तरी जगावं, त्याला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून आईबापांनी मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली नावं आहेत ती. बाळं जगायला लागली आणि ती नावं संपली. मुलगी नको म्हणून नकुशा ठेवलं जायचं. साताऱ्यात 2011 साली अशा मुलींची नावं बदलायचा सरकारी कार्यक्रम करावा लागला. घराघरांत काय चाललंय त्यावर नावं ठरतात, आणि तुम्ही पुढच्या वर्षीचा भाव विचारताय! त्या दगडूच्या आईला भीती होती. तुम्हाला कसली आहे? शेजारच्यांपेक्षा जुनं वाटेल याची?

आणि घाई तरी कसली? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नव्हे. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. उलट 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे जन्मदाखलाच जन्माचा पुरावा आहे. तिथे कियान, आधारवर किआन, इंग्रजीत अंकशास्त्रवाल्याने सांगितलेले दोन ‘ए’ आणि शेवटी डबल ‘एन’, असा घोळ एकदा घातलात की निस्तरायला पुढे तेच पोर राजपत्राचा फॉर्म भरत बसेल. दाखल्यावरचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग सही करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव सलग मोठ्याने म्हणा. आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू होण्याच्या आधीच आत्याला बाजूला घेऊन ते नाव तीनदा म्हणायला लावा. ती अडखळली, तर तिच्या पाठीत घालायचे धपाटे तुम्ही खा.