पाठकोरे कागद आणि बॉलपेन

लॉकडाऊनमध्ये 'या वेळेचं सोनं करा' म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. 24 मार्च 2020 च्या रात्री 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि बघता बघता प्रत्येक ग्रुपवर नवा छंद, ऑनलाइन कोर्स, रोज एक चित्र असली आव्हानं सुरू झाली. सुट्टी कोणाला होती? आमच्या कामाच्या मावशी येत नव्हत्या, म्हणजे धुणीभांडी माझ्या गळ्यात. त्यात डायनिंग टेबलावर नवऱ्याचं ऑफिस, बेडरूममध्ये लेकीची शाळा आणि माझं ऑफिस ओट्याशेजारी.

तरीही त्या काळात मी चित्रं काढली आणि त्यांचा मोठा आधार झाला. फक्त तो आधार त्या आव्हानवाल्यांच्या छापाचा नव्हता.

स्टेशनरीची दुकानं बंद. घरात होते प्रिंटरचे पाठकोरे कागद आणि बँकेकडून फुकट मिळालेलं बॉलपेन. पेनाने काढलं की खोडता येत नाही, हे फार बरं झालं. विषय म्हणजे ओट्यावर जे असेल ते. कुकरची शिट्टी, मोरीतला नळ, आलं. आलं तर काढून बघाच. त्याला सरळ अशी एक बाजू नसते. एका गाठीतून दुसरी फुटते, सालीवर बारीक वेढे असतात, मोडलेल्या जागी तंतू बाहेर आलेले असतात.

एप्रिल 2021 मध्ये दादा कोविड वॉर्डात होता. आम्हाला आत सोडत नव्हते. संध्याकाळी वॉर्डातून फोन यायचा, ऑक्सिजनचा आकडा सांगायचे, संपलं. फोन यायच्या आधीचा तास जाता जात नसे. टीव्ही लावला तर चितांची दृश्यं, व्हॉट्सॲप उघडलं तर कोणाचं तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्या तासात मी आलं काढायचे. फोन शेजारीच पालथा ठेवलेला. रेघ कुठे वळते ते बघताना '91 वरून 88 झालं तर?' हा विचार निदान तेवढ्यापुरता थांबायचा, कारण डोळे गुंतलेले आणि हातही. चित्राने दादा बरा झाला नाही, तो डॉक्टर आणि नर्सेसमुळे घरी आला. मला मात्र तो तास काढता आला.

हे काही माझ्या एकटीचं नाही. स्पॅनिश फ्लूच्या साथीत, 1919 मध्ये, नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने स्वतःचं आजारी चित्र रंगवलं: वेताच्या खुर्चीत, पांघरूण घेऊन, तोंड उघडं, चेहरा पिवळट. आणि 2020 च्या वसंतात 82 वर्षांचा ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अडकून पडला होता. तो रोज आयपॅडवर समोरची झाडं काढत बसला. दोघांनी काढलं ते समोर होतं तेच. अर्थात हॉकनीला भांडी घासायची नव्हती, हेही नमूद करते.

आमच्या सासूबाईंना यातलं काही सांगावं लागलं नाही. बाजारात रांगोळी मिळेना तेव्हा त्या दाराशी तांदळाच्या पिठाने ठिपके मांडायच्या. पॅसेज औषध फवारून धुतला की सगळं वाहून जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके. त्याला कोणी 'क्रिएटिव्हिटी' म्हणालं असतं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं असतं.

गणपतीत तर गंमतच. घरगुती मूर्तीला सरकारने दोन फुटांची मर्यादा घातलेली, आणि आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी शाडू आणून घरीच मूर्ती केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची सोंड सारखी गळून पडायची. शेवटी त्यांनी आत आगपेटीची काडी घातली. बाप्पा जरा रागावलेले दिसत होते, पण आरतीला सगळ्यात जास्त आवाज काकांचाच.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे चित्र म्हणजे एलिमेंटरी-इंटरमीजिएटची ग्रेड. स्मरणचित्रात माणसाचे हात नीट जमले नाहीत की चौदाव्या वर्षी पेन्सिल खाली ठेवायची ती कायमची. ज्यांना कलाशाखेत जायचंय त्यांनी परीक्षा जरूर द्याव्यात. बाकीच्यांना वाईट चित्र काढायची मोकळीक कोणी दिलीच नाही. ती आपल्याला महामारीत मिळाली, तीही कोणी बघायला येणार नव्हतं म्हणून.

तुमच्याकडे त्या दिवसांतलं काही पडलं असेल, वहीचं पान, वाकडी मूर्ती, उसवलेलं विणकाम, तर कमेंटमध्ये फोटो टाका. सुंदर असेल तर टाकू नका. माझं आलं पहिल्या कमेंटमध्ये आहे. सासूबाई त्याला अळकुडी म्हणतात.