घर लागलं, पण निपाणीला

बेळगावात साइट घ्यायची ऐपत नाही, म्हणून ऑनलाइन गेममध्ये घर बघायला गेलो, तर तिथलीही जागा संपलेली. गेमचं नाव सांगत नाही, मला अजून तिथेच खेळायचंय. एका वस्तीत 60 प्लॉट. एखादा रिकामा झाला की त्याच्यापुढे ही जत्रा! पाच दिवस अर्ज, चार दिवस निकाल, आणि अनामत आधीच भरायची.

"काय करूलायस रे एवढ्या रात्री?" आईनं विचारलं.

"घराची लॉटरी बघतोय."

सकाळी दूधवाल्यानं माझं अभिनंदन केलं. दुपारपर्यंत बातमी शहापूरच्या मावशीकडे पोचली आणि तिनं वास्तुशांतीसाठी भटजीही सुचवला.

हे रडगाणं तसं जुनं. 1997 साली 'अल्टिमा ऑनलाइन' हा गेम आला तेव्हा मोकळ्या रानात घरं बांधता यायची. आधी आलेल्यांनी रान भरून टाकलं, मागून आलेले बसले बोंबलत. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये लोक प्लॉटच्या पाटीवर तासन्‌तास क्लिक करत बसायचे, कारण विक्री कधी खुली होणार हे गुपित. एप्रिल 2022 मध्ये तिथे लॉटरी आली, आणि पहिल्याच फेरीत कित्येक प्लॉटांचा विजयी क्रमांक निघाला शून्य. शून्य नंबरचं तिकीट कुणाकडेच नव्हतं. इतका समान न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लॉटरीवर माझा राग नाहीच. नशीब फुटायचं तर सगळ्यांचं सारखं फुटू दे. राग आहे तो टंचाईवर. बेळगावात जागा कमी पडते हे समजतं. इकडे कॅन्टोन्मेंट, खानापूरकडे जंगल. गेम ज्या कॉम्प्युटरवर चालतो त्या सर्व्हरवर कसलं आलंय कॅन्टोन्मेंट? प्रत्येकाला वेगळं घर दिलं तर शेजारपाजार राहणार नाही, असं गेमवाले म्हणतात. एकदा त्या वस्तीत फेरफटका मारला. बागेत कारंजी, दारात कंदील, एकानं अंगणात चक्क होडी ठेवलेली, आणि माणूस एकही नाही! मालक 45 दिवस घरात फिरकला नाही तर घर पाडतात, म्हणून ही मंडळी मुदत संपत आली की दार उघडून आत जातात आणि उलट्या पावली परततात. हा कसला शेजार?

आईला हा नियम सांगितला. "खानापूरच्या आपल्या घराला कुलूप लावून किती वर्षं झाली," ती म्हणाली, "उताऱ्यावर सात नावं, एकानं वळून बघितलं नाही. कोण येतंय पाडायला?"

शेवटी घर लागलं ते माझ्या निपाणीच्या दोस्ताला. त्यानं माझ्या भिडेखातर एक अर्ज टाकला होता. आता तंबाखूचा हंगाम आला की त्याला गेम सुचत नाही, आणि मुदत जवळ आली की फोन येतो, "माझ्या आयडीनं जाऊन ये की जरा." नियमात बसत नाही, तरी जातो. आत गेलोच आहे तर कुंड्यांना पाणी घालतो, खुर्च्या सरळ करतो. गेल्या महिन्यात परसात भोपळे लावले.

1974 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात कसणाऱ्या कुळांनी फॉर्म नंबर 7 भरून जमिनीवर हक्क सांगितला होता. तो फॉर्म सर्व्हरवर कुठे मिळतो, ते शोधतोय. दोस्ताला अजून बोललेलो नाही.