नुसतं कुतूहल पुरत नाही

‘कुतूहल जपा, कलाकार म्हणून वाढ आपोआप होते’ हे कलेवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही. माझंच सांगते. जलरंग, मग लिनोकट (लिनोलियमवर कोरून चित्र छापणं), मग मातीकाम; सहा वर्षांत सगळं चाखलं आणि कशातच हात बसला नाही. (नवं सामान आणायची हौस तेवढी भागली!) शेवटी वर्षभर फक्त जलरंगच करायचे ठरवले. तेव्हा कुठे ओल्या कागदावर रंग किती पसरेल, कुठे थांबेल, असे खरे प्रश्न पडायला लागले.

नव्या माध्यमाकडे वळण्याचं उदाहरण म्हणून त्या लेखात फ्रेंच चित्रकार आंरी मातिसचा उल्लेख मात्र हवा होता. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवणं जड जाऊ लागलं, तसा तो रंगवलेले कागद कापून चित्रं करण्याकडे वळला. पण त्या कात्रीमागे अर्धशतकाचं रेखाटन होतं, ते कसं विसरायचं?