299 रुपयांचं मेडिकल कार्ड आणि मावशीचा औषधांचा डबा

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले, तर तिच्या औषधांच्या डब्याचं झाकण लागत नव्हतं. तापाच्या तीन स्ट्रिप, सर्दीच्या दोन, अंगदुखीच्या दोन, वर मलमाच्या ट्यूब. घरात आजारी ती एकटीच, तीही साध्या सर्दी-तापाने. विचारल्यावर तिने फोन पुढे केला. आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: मेडिकलचं 299 रुपयांचं वार्षिक कार्ड काढा आणि हजाराच्या वरच्या बिलावर 20 टक्के सूट मिळवा, औषध स्वस्तात घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही. जनऔषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांच्या, नादी लागू नका, त्यांच्या गोळीत औषध कमी असतं. सर्दी-तापाच्या गोळ्यांना चिठ्ठी लागत नाही म्हणजे त्यांचा अपाय नसतो, एकदम भरून ठेवा. सुटी गोळी मागू नका, दुकानदाराला ती देता येत नाही. खाली आमच्याच नऊ नातेवाइकांचे अंगठे.

‘अपाय नसतो, भरून ठेवा’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य, म्हणून आधी तेच घेते. मावशी तापासाठी पॅरासिटामॉल 650 दिवसातून तीनदा घेत होती. सर्दीची गोळीही तीनदा. अंगदुखीची सकाळ-संध्याकाळ. तिन्ही स्ट्रिप उलट्या करून मागची बारीक अक्षरं मी तिच्यासमोर वाचली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500, अंगदुखीच्या गोळीत 325. बेरीज केली: 1950, 1500 आणि 650, म्हणजे 4100 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000. मावशी सहासष्ट वर्षांची आहे, अंगाने काडी आहे. जादा पॅरासिटामॉल यकृतावर जातं आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही. तिला वाटत होतं, आपण तीन वेगवेगळी औषधं घेतोय. नावं तीन होती, आतलं मुख्य औषध एकच.

तेवढ्यावर भागत नाही. अंगदुखीच्या त्या गोळीत आयबुप्रोफेन होतं, सर्दीच्या गोळीत फेनिलएफ्रिन. दोन्हींनी रक्तदाब वाढू शकतो, आणि मावशी रोज बीपीची गोळी घेते. शिवाय याच मेसेजमध्ये ‘लहान मुलांना अर्धी द्या’ असंही लिहिलंय. सर्दीच्या औषधांत असणारं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच सांगितलंय. नातवंडं असलेल्या घरात हा मेसेज फिरतोय, याचा मला खरोखर संताप येतो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘निर्धोक’ औषधांची वेगळी यादी आपल्या कायद्यात नाही. चिठ्ठी लागत नाही म्हणजे अपाय नाही, हा अर्थ मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच काढलाय.

आता पैशांचं. 20 टक्क्यांनी 299 रुपये वसूल व्हायलाच 1495 रुपयांची खरेदी लागते. म्हणून तर हजाराची अट असते आणि म्हणून डबा भरतो. पण खरी गोष्ट निराळीच आहे. सूट मिळते ती छापील किमतीवर, आणि ती किंमत कशी ठरते हे 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सरळ लिहिलंय. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत असते. बाजारातल्या ब्रँडच्या दरांची सरासरी काढून त्यात विक्रेत्याचे 16 टक्के मिळवतात. यादीबाहेरच्या औषधांना अशी कमाल किंमत नाही, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. मुळात कितीही चढी किंमत छापायची मोकळीक असेल, तर त्यातून 20 टक्के सोडायला कुणाचं काय जातं? मिश्रणाच्या महागड्या गोळीवर सूट घेण्यापेक्षा साधं पॅरासिटामॉल पूर्ण किमतीत घेतलं तरी स्वस्त पडतं.

एक मात्र मान्य करते. ज्यांना दर महिन्याला ठरावीक ब्रँडची दोन-तीन हजारांची औषधं लागतात आणि जवळपास जनऔषधी केंद्र नाही, त्यांचे कार्डाने थोडेफार पैसे वाचतात. मावशीचं महिन्याचं बिल चारशेच्या आत आहे.

जनऔषधीत औषध कमी असतं, हे खोटं आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवरच्या मात्रेच्या 95 ते 105 टक्के औषध असावं लागतं. भारतीय औषधकोशाचा हा निकष ब्रँडला आणि जेनेरिकला, म्हणजे मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधाला, एकच आहे. नमुने नापास होतात, हेही खरं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला त्यांची यादी जाहीर करते, तीत नावाजलेले ब्रँडही असतात. केंद्रात कधी माल संपलेला असतो, म्हणून जायच्या आधी फोन करावा. दर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर दिसतात, तुम्ही आता घेताय त्या औषधाचं मूळ नाव टाकून बघा.

राहिली सुटी गोळी. 2013 च्या त्याच किंमत नियंत्रण आदेशात आहे की सुट्या गोळ्यांची किंमत पूर्ण पाकिटाच्या हिशोबाने पडते त्याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे सुटी विक्री धरूनच नियम केलाय. परवा मावशीला घेऊन त्याच मेडिकलमध्ये गेले. तिने तापाच्या चार गोळ्या मागितल्या. दुकानदाराने काही न बोलता कात्रीने स्ट्रिप कापली. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आम्ही मागून घेतला. आठ रुपये झाले. कार्ड पर्समध्येच राहिलं.